इशारा कोणी काढला?

१

वर्षाली गमरेचं नाव आयुष्यात पहिल्यांदा जाड ठशात आलं, आणि आलं ते गुन्हेगार म्हणून.

‘नाखवा’च्या वेबसाइटवर अगदी वर, पिवळ्या पट्टीत लिहिलं होतं : “नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समधून एक महत्त्वाचा इशारा प्रूफ तपासताना गळला. प्रूफतपासणी : वर्षाली गमरे. झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” दिलगीर सगळे, आणि नाव मात्र एकटीचं. वा रे न्याय.

नाखवा म्हणजे कंपायलर. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आणि उघडं. ज्याला हवं त्यानं घ्यावं, ज्याला जमेल त्यानं सुधारावं. ठाण्याच्या कोपरीतल्या परशुराम तांडेल सरांनी ते कॉलेजात शिकवता शिकवता सुरू केलं. वडील होडीवर नाखवा होते, म्हणून हे नाव. साइटच्या पहिल्या पानावर सरांनी वडिलांचा एक नेमही लिहून ठेवलाय : ज्यानं जाळं सांधलं त्यानं ते तपासायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाचून बरं वाटतं. वाचून पुढे कोणी जात नाही, एवढंच.

प्रत्येक आवृत्तीबरोबर रिलीज नोट्स निघतात. नवं काय आलं, काय बदललं, कुठे अजून धोका आहे, सगळं त्यात. ज्यानं त्यानं आपापला मजकूर घाईत खरडलेला असतो. तो तपासून, चुका काढून, माणसानं वाचावा असा करायचं काम वर्षाली डोंबिवलीच्या कोपरमध्ये आपल्या घरी बसून करायची. बिनपगारी. तिची कंपनी बंद पडली तेव्हा सर म्हणाले होते, “इथे काम कर, तुझं नाव होईल.” झालं की नाव.

गळलेला इशारा असा होता : लहान बोर्डांवर या आवृत्तीत काही भागाकार चुकतात, तिथे जुनीच आवृत्ती वापरा. तो न दिसल्यामुळे डोंबिवलीतल्या एका इमारतीची लिफ्ट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर नवी आवृत्ती वापरली गेली. भागाकार चुकला, आपण अजून मजल्यावर पोचलोच नाही असा लिफ्टनं हिशेब केला, आणि दार उघडं असतानाच ती वर सरकली. एका म्हातारीसाठी दार धरून उभा होता वॉचमन महिपत. त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

पट्टीखाली लोकांनी तोंडसुख घेतलं होतं. एकानं लिहिलं होतं, “या लोकांना फुकटात घेतलं की असंच होणार.” या लोकांना म्हणजे कोणाला, ते आडनाव वाचून ज्याला कळायचं त्याला कळतं. वर्षालीला ते शाळेपासून कळत आलेलं.

दुपारी घोडबंदर रोडच्या कंपनीतून फोन आला. दीड वर्षानं मिळालेली नोकरी, सोमवारी रुजू व्हायचं होतं. पलीकडची मुलगी गोड आवाजात बोलली, “मॅम, ते ऑनलाइन तुमच्या नावाचं काय चाललंय? सोमवारच्या आत क्लिअर झालं तर बरं. नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल.”

आई, केशरबाई, भाजी निवडत सगळं ऐकत होती.

“तू काढलास का गं तो इशारा?”

“नाही आई. मी ओळ काढतच नाही. शंका आली तर बाजूला प्रश्न लिहिते.”

“मग रडत काय बसलीस? जा, एकेकाला विचार तोंडावर.”

वर्षालीनं डोळे पुसले आणि आधी नोट्सची नोंद उघडली. कुठली ओळ कधी आली, कधी गेली, ते तिथे दिसतं. इशाऱ्याची ओळ गेलेली दिसत होती. काढणाऱ्याच्या जागी नाव होतं : वर्षाली गमरे.

२

आता हे असं कसं, ते सांगायला हवं. नाखवाची एक जुनी पद्धत. मसुद्यावर कितीही हात फिरोत, प्रकाशनाच्या वेळी सगळ्यांचे बदल एकत्र बांधून एकाच नावावर चढवायचे, ज्याचा हात शेवटचा त्याच्या. जुना मसुदा पुसला जातो. आणि शेवटचा हात नेहमी प्रूफ वाचणारीचा. म्हणजे त्या नोंदीवरून एवढंच कळत होतं की गाठ बांधली ती वर्षालीनं. आत काय कोणी घातलं न् काय काढलं, ते देव जाणे. प्रकाशनानंतर मात्र असं चालत नाही. तेव्हा जो हात लावेल त्याचं नाव तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.

हे नाखवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी तिच्या बाजूनं कोणी अवाक्षर काढलं नाही.

मसुदा हातात आला तेव्हा त्यात इशारा होता का? वर्षालीनं आठवून पाहिलं. आठवत नव्हता. पण आठवत नाही हा काही पुरावा नव्हे.

ती पहिल्यांदा गेली डोंबिवलीच्या एमआयडीसीत, सखाराम केणेंच्या वर्कशॉपमध्ये. लिफ्टचे बोर्ड बनवणारे ते हेच. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर, आणि तिचं नाव ऐकल्याबरोबर चेहरा दगड.

“या. बघायला आलात का काय केलंत ते?”

“मी काढला नाही तो इशारा, काका. कोणी काढला ते शोधतेय.”

“सगळे तेच बोलतात, मॅडम. सोसायटी बोलते वॉचमननं हात नको तिथे घातला. तुमचा तो नाखवा बोलतो प्रूफवालीनं घोळ घातला. आणि मी? मी तर नोट्स वाचून बोर्ड बनवणारा माणूस. एकेक ओळ वाचतो. हसतात लोक मला.” त्यांनी ड्रॉवरमधून कागदांचा जुडगा काढून टेबलावर आपटला. “दाखवा कुठे आहे इशारा.”

टेबलाच्या पलीकडे स्टुलावर एक माणूस बसला होता. उजवा हात पांढऱ्या बँडेजमध्ये, डाव्या हातानं तो स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत टाकत होता. हा महिपत. सोसायटीनं कामावरून काढल्यावर सखारामांनीच त्याला आणून बसवलं होतं.

“ताई,” तो शांतपणे म्हणाला, “मला कंपुटर कळत नाही. तुम्हीच काढलात का ते? खरं सांगा. मी भांडणार नाही. सोसायटीनं माझ्या नावावर लिहिलंय की माझी चूक. एकदा कळलं ना दुसऱ्या कोणाची होती, तर बायकोला सांगता येईल.”

वर्षालीला रागावलेला माणूस चालला असता. “नाही दादा,” ती बोलली, “मी नाही काढलं.”

“बरं,” महिपत म्हणाला आणि पुन्हा स्क्रू निवडू लागला. त्यानं विश्वास ठेवला की नाही, ते त्याच्या तोंडावरून काही कळेना.

नजर कुठेतरी वळवायची म्हणून वर्षालीनं कागद उचलले. आणि ती थबकली. नोट्स मराठीत होत्या.

“काका, तुम्ही इंग्रजी नाही वाचत?”

“मराठी असताना इंग्रजी कशाला वाचू?”

मराठी नोट्समध्येही इशारा नव्हता. आणि मराठी नोट्सना वर्षालीनं आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं.

३

मराठी भाषांतर करायची प्राप्ती. कल्याणला एका क्लासमध्ये शिकवायची आणि उरलेल्या वेळात नाखवाच्या नोट्स मराठीत आणायची. दोघींची चांगली मैत्री होती; म्हणजे पिवळी पट्टी लागेपर्यंत होती. त्यानंतर प्राप्तीचा एक मेसेज नाही.

क्लासबाहेरच्या बाकावर वर्षालीला बसलेली पाहून ती कावरीबावरी झाली.

“अगं, मी फोन करणारच होते.”

“राहू दे. मला एकच सांग. मराठीत इशारा का नाहीये? तू गाळलास?”

“मी?” प्राप्ती फणकारली. “हे बघ, माझ्या गळ्यात मारू नकोस हां. मला गाळताच येत नाही. प्रत्येक इंग्रजी ओळीसमोर माझ्यासाठी रिकामी चौकट येते. एक चौकट रिकामी राहिली तरी लाल दिवा, पुढे जाऊच देत नाही. इशारा असता तर चौकट असती.”

“मग तू माझं प्रूफ झाल्यावर भाषांतर केलंस का? मी काढला म्हणून तुझ्याकडेही नाही, असं म्हणतील ना उद्या.”

“तुझं प्रूफ होईपर्यंत थांबले तर माझं कधी व्हायचं? मी नेहमी आधीचाच मजकूर उचलते. तुला माहितीये.”

माहीत होतं. पण दाखवणार कसं? वर्षालीनं सखारामांचे कागद मांडीवर पसरले आणि ओळीओळीवरून बोट फिरवू लागली. मधल्या पानावर बोट थांबलं.

“हे वाच. ‘कडक तपासणी आता आपोआप चालू असेल.’ हे चूक आहे. ती बंद असते, आपण चालू करावी लागते. कोड लिहिणाऱ्यानं उलटं लिहिलेलं. मी इंग्रजीत दुरुस्त केलं.”

“माझ्याकडे चुकीचंच राहिलं म्हणजे.” प्राप्तीला आधी लाज वाटली, मग तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे मी तुझ्या आधीचा मजकूर घेतला, हे यावरून दिसतं.”

“आणि त्या मजकुरात इशारा नव्हता. माझ्याकडे येण्याच्या आधीच तो गेलेला.”

झालं. वर्षाली सुटली. पण सुटल्याचा आनंद काही होईना. मजकूर प्राप्तीकडे जायच्या आधी त्याला हात लावणार तरी कोण? इशारा लिहिला होता नाखवाचा कोड लिहिणाऱ्या प्रणितनं. लिहिल्याचं सगळ्यांना आठवत होतं, मीटिंगमध्ये त्यावर बोलणं झालं होतं. मग तो गेला कुठे?

“अगं, एक शक्यता आहे,” प्राप्ती चाचरत म्हणाली. “गेल्या वेळी माझ्या दोन चौकटी भरलेल्या असताना अचानक उडालेल्या. मी सरांवर जाम चिडलेले. ते बोलले, दोष दुरुस्त झाल्याची खूण केली की त्याचा इशारा नोट्समधून आपोआप निघून जातो. कोणी हातानं काढावा लागत नाही.”

“आणि खूण परत काढली तर?”

“तर इशारा काही परत येत नाही. तो नव्यानं लिहावा लागतो. म्हणून तर चिडलेले मी.”

वर्षाली बाकावरून उठली. दोन दिवस सगळी दुनिया विचारत होती, इशारा कोणी काढला. तो कोणी काढलाच नव्हता. दोष तसाच असताना तो दुरुस्त झाला, असं कोणीतरी सांगून टाकलं होतं. आणि तशी खूण करायचा अधिकार नाखवात दोघांनाच : तांडेल सर आणि प्रणित.

“तू हे सगळं उद्या लोकांसमोर बोलशील ना?” तिनं विचारलं.

प्राप्तीनं क्लासच्या दाराकडे पाहिलं. “माझी बॅच सुरू होतेय गं,” ती म्हणाली आणि आत गेली.

४

प्रणित वैती घोडबंदर रोडवरच्याच, पण दुसऱ्या एका कंपनीच्या काचेच्या इमारतीत बसायचा. त्याच्याच कंपनीला नाखवाची नवी आवृत्ती तातडीनं हवी होती. भागाकार चुकवणारा कोडही त्याचाच. म्हणजे दोष याचा, घाई याच्या ऑफिसला, आणि खूण करायचा अधिकारही याला. वर्षालीनं वाटेतच निकाल देऊन टाकला होता.

तो खाली टपरीवर चहा प्यायला आला तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

“प्रणित, तो दोष दुरुस्त झाला अशी खूण तू केलीस ना?”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “ताई, इथे नको ना यार. ऑफिसची पोरं आहेत.”

“माझं नाव लावताना सगळी दुनिया होती. तेव्हा कोणी नको नाही बोललं.”

“दोष उघडाच आहे की. बघ तू.” त्यानं मोबाइल पुढे केला. यादीत दोष खरंच उघडा दिसत होता : दुरुस्ती बाकी.

“आज उघडा आहे. नोट्स तयार झाल्या तेव्हा होता का? आम्हाला फक्त आजचं दिसतं. मागचं सगळं तुम्हा दोघांनाच दिसतं. उघडून दाखव.”

प्रणितनं मोबाइल खिशात घातला.

“लपवतोयस कशाला?” वर्षालीचा आवाज चढला. “एका माणसाची बोटं गेली, माहितीये ना? डाव्या हातानं स्क्रू निवडत बसलाय तो. मी बघून आलेय. आणि तू इथे कटिंग मारतोयस.”

“ताई, मी इशारा लिहिला!” तो दबक्या आवाजात उसळला. “माझा कोड चुकतोय हे मीच शोधलं, मीच सगळ्यांना सांगितलं. लपवायचंच असतं तर लिहिला असता कशाला? डोकं चालव ना जरा.”

मुद्दा बिनतोड होता. स्वतः बोंब मारून मग स्वतःच तोंड दाबणारा चोर तिनं पाहिला नव्हता.

“मग कोणी केली खूण?”

“मला नको विचारू.”

“तुला माहितीये.”

“मला नको विचारू बोललो ना. मला प्रोग्रामिंग शिकवलं कोणी? या ऑफिसात चिकटवलं कोणी?” त्यानं ग्लास टपरीवर ठेवला, दोन पावलं गेला, आणि मागे न वळता म्हणाला, “तू आमच्या सगळ्या नोट्स वाचतेस. साइटचं पहिलं पान कधी नीट वाचलंयस का?”

ठाण्याच्या बसमध्ये वर्षालीला खिडकीची जागा मिळाली. घोडबंदर रोडवर गाड्या नेहमीसारख्या खिळून उभ्या होत्या. तिनं मोबाइलवर नाखवाचं पहिलं पान उघडलं. सरांच्या वडिलांचा नेम तिथे होता : ज्यानं जाळं सांधलं त्यानं ते तपासायचं नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. तिच्या प्रुफात हे पान कधी आलंच नव्हतं, म्हणून तिनं ती कधी वाचली नव्हती : “याच नेमानुसार नाखवात कोणालाही आपल्या कोडमधला दोष स्वतः बंद करता येत नाही. यंत्रणाच ते करू देत नाही. दुसऱ्यानंच तपासून बंद करायचा.”

दोष प्रणितच्या कोडमधला. प्रणितला तो बंद करता येत नव्हता. आणि अधिकार दोघांनाच होता.

वर्षालीनं मोबाइल पालथा ठेवला. तिला वाटलं, बस अशीच उभी राहावी, कोपरी येऊच नये.

५

कोपरीतल्या घराच्या ओट्यावर सरांच्या आई, मनुबाई, बसल्या होत्या. वर्षालीला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“ये गो पोरी. परशा आत हाय. दोन दिस धड जेवला नाय. तू तरी समजव त्याला.”

परशुराम सर कॉम्प्युटरसमोर होते, पण पडदा काळा होता. वर्षाली समोरच्या खुर्चीत बसली नाही.

“सर, खूण तुम्ही केलीत.”

सरांनी नाकारलं नाही. निदान तेवढं तरी केलं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

“कसं कळलं?”

तिनं सांगितलं. मराठीतली राहिलेली चूक, रिकामी न राहणारी चौकट, आपोआप निघून जाणारा इशारा, आणि शेवटी त्यांच्याच वडिलांचा नेम. सर एखाद्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तसे मान हलवत ऐकत राहिले. त्या मान हलवण्यानं तिचं डोकं फिरलं.

“का, सर?”

“मी दुरुस्ती लिहिली होती, वर्षाली. बरोबर आहे याची मला खात्री होती. लहान बोर्ड एका विद्यार्थ्याला दिलेला, तो परत यायचा होता. म्हटलं, आधी खूण करू, मग तपासू. तपासलं तर भागाकार तसाच चुकत होता. मी दोष पुन्हा उघडला. पण तोवर नोट्स तयार झाल्या होत्या.”

“इशारा परत लिहायचा होता.”

“प्रकाशनाची तारीख जाहीर झाली होती. न तपासता खूण केली, असं मी सगळ्यांना सांगायचं? मी? तो नेम साइटवर लावणारा?” मग ते असं काही बोलले की वर्षाली ते जन्मात विसरायची नाही. “आणि खरं सांगू? मला वाटलं, रिलीज नोट्स वाचतंय कोण.”

वर्षालीला कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. दीड वर्ष. दीड वर्ष डोळे फोडून एकेक वाक्य सरळ करत होती ती, यांच्या शब्दाखातर.

“सखाराम केणे वाचतात,” ती म्हणाली. “एकेक ओळ वाचतात. म्हणून तर महिपतची बोटं गेली. न वाचणारा असता तर त्यानं बोर्ड तपासून तरी पाहिला असता.”

सरांनी उठून दार लोटलं. ओट्यावर आई होती.

“हे बघ. पट्टी मी आज काढतो. ‘पद्धतीतल्या त्रुटीमुळे’ असं लिहू, कोणाचंच नाव नको. घोडबंदर रोडची ती कंपनी, तिचा प्रमुख माझा विद्यार्थी आहे. मी फोन करतो, सोमवारी तू कामावर. तुझं नुकसान होऊ देणार नाही मी.”

“आणि महिपत? सोसायटी त्याचीच चूक म्हणतेय.”

“त्याच्यासाठी काहीतरी करू. पण माझं नाव नको, वर्षाली. माझं नाव गेलं तर नाखवा गेला. तुझं नाव...” सर अडखळले.

“माझं काय, सर?”

“तुझं नाव फारसं कोणाला माहीत नाही. लोक विसरतील.”

हे बोलताना त्यांच्या आवाजात माया होती. तीच जास्त लागली. वर्षालीनं पर्स खांद्याला लावली.

“माझं नाव व्हावं म्हणून बोलावलं होतंत ना मला,” ती म्हणाली. “विचार करून सांगते.”

बाहेर मनुबाईंनी विचारलं, “जेवतो बोलला काय गो?” वर्षालीनं चपला घातल्या आणि ती पायऱ्या उतरली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाईंनी लेकीसमोर चहा ठेवला. लेक कॉम्प्युटर उघडून बसली होती, न टाइप करता.

“काय झालं? सापडला?”

“सापडला. पण माझ्याकडे नुसतं बोलणं आहे, आई. खूण केल्याची नोंद त्या दोघांनाच दिसते. एक बोलणार नाही, दुसरा कबूल होणार नाही. प्राप्तीनं तर कानावर हात ठेवलेत. मी ओरडले तर म्हणतील, स्वतःवरचं खापर सरांवर फोडतेय.”

“मग घे की नोकरी,” केशरबाई म्हणाल्या. लेक बघतच राहिली तशा पुढे बोलल्या, “काय चुकीचं बोलले? दीड वर्ष घरी बसलीस. तो माणूस देतोय तर घे.” आणि थोड्या वेळानं, चहाचा कप उचलताना, “त्या वॉचमनची बायको काय करते गं?”

वर्षाली टाइप करू लागली.

पट्टी लावायच्या घाईत तिचा नोट्समध्ये शिरायचा हक्क काढून घ्यायला सगळे विसरले होते. तिनं प्रकाशित नोट्स उघडल्या. धोक्यांच्या भागात प्रणितचा इशारा पुन्हा लिहिला. त्याच्याखाली, साध्या भाषेत, तिनं घातलं : “हा इशारा प्रुफात गळलेला नाही. परशुराम तांडेल यांनी न तपासता दोष दुरुस्त झाल्याची खूण केली, त्यामुळे तो आपोआप निघून गेला. मजकूर प्रुफासाठी आला तेव्हा इशारा त्यात नव्हता; मराठी नोट्स पाहिल्यास ते कळेल. लिफ्टच्या अपघातात वॉचमन महिपत यांची चूक नव्हती.” खाली तिचं पूर्ण नाव.

मग ती तिथेच बसून राहिली. अंघोळ नाही, जेवण नाही. आईनं ताट आणलं, ते तसंच निवलं. लोक एकेक करून येऊन वाचत होते. कोणी लिहिलं, पुरावा काय. कोणी लिहिलं, स्वतःचं झाकतेय. तो ‘या लोकांना’वाला पुन्हा आलाच. प्रणित तासभर तिथे असल्याचं दिसत होतं. त्यानं एक अक्षर लिहिलं नाही.

दुपार उलटली तेव्हा पानावर एक नवी नोंद उमटली. प्रकाशन झालेलं होतं. आता गाठोडं बांधून दुसऱ्याच्या नावावर टाकायची सोय नव्हती. नोंद साधी होती : “ओळी काढल्या. काढणारे : परशुराम तांडेल.”

घाईघाईत त्यांनी सगळंच काढलं होतं. वर्षालीचा खुलासा काढला, आणि त्याबरोबर भागाकाराचा इशाराही. ज्या इशाऱ्यावाचून एका माणसाची बोटं गेली, तो इशारा सरांनी सगळ्या जगासमोर, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावावर काढला होता. पुरावा मागणाऱ्यांची तोंडं मिनिटाभरात बंद झाली. मग ती सरांच्या दिशेनं उघडली.

नोकरी देणाऱ्या घोडबंदर रोडच्या कंपनीचा मेसेज आला : सध्याची परिस्थिती पाहता आम्ही पुढे जाऊ शकत नाही, शुभेच्छा. सखारामांचा फोन आला. ते ती नोंद छापून सोसायटीत घेऊन निघाले होते, महिपतला बरोबर घेऊन. सेक्रेटरी भेटायला तयार नाही म्हणत होते, पण जातोच म्हणाले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

“प्रणितनं नाखवाचा राजीनामा पाठवलाय. प्राप्तीनंही.” ते खोल श्वास घेत म्हणाले, “सापळा लावलास तू. तुला माहीत होतं मी त्या ओळी काढणार.”

“नाही सर,” वर्षाली म्हणाली, आणि दिवसभर कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून वाहू लागले. “मी सकाळपासून उपाशी बसलेले. प्रत्येक मिनिटाला वाटत होतं, सर वाचतील, आणि ठेवतील.”